“गेला. नाव सांगा.”

“गेला,” बाई म्हणायच्या आणि फळ्यावर एक उभी रेघ ओढायच्या. मग खडू हातातच धरून वळायच्या. “नाव सांगा.”

गेला तो आमचा विद्यार्थी. आम्ही सगळे आयटीआयमध्ये वायरिंग शिकवणारे. छतावरचं सोलर मुलांना कसं शिकवायचं, हे आम्हाला शिकवायला पुण्यात या बाईंना नेमलं होतं. पाठ घेताना कोणी चुकीचं वाक्य बोललं, की त्या वाक्यावर विसंबून छतावर चढलेलं पोर मेलं, असा त्यांचा हिशेब. नुसतं मेलं म्हणून भागायचं नाही. आपल्या वर्गातल्या खऱ्याखुऱ्या मुलाचं नाव सांगावं लागे.

मला त्या कधीच आवडल्या नाहीत. आजही आवडत नाहीत. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ‘अहो’ आणि ‘आपण’ सोडायचं नाही आणि तेवढ्यातच समोरच्याची सालटी काढायची.

आम्हा लोकांच्या शर्टाच्या खिशाला टेस्टर असतो, डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा. बाईंनी पहिल्याच दिवशी दारात घमेलं ठेवून सगळ्यांचे टेस्टर त्यात टाकायला लावले.

“मॅडम, आमचं हत्यार हाय ते,” गावाकडचे एक ज्येष्ठ सर कुरकुरले.

“अहो, हत्यार आहे म्हणूनच काढून घेतेय. आपण इथे शिकवायला आलात, असं मी समजते.”

माझा पाठ गच्चीवर होता. वर्षानुवर्षं वर्गात म्हणत आलो तेच तोंडातून आलं. “मेन बंद करा. टेस्टर लावा. पेटला नाही की बिनधास्त हात घाला.” घरच्या वायरिंगला हे चालून जातं. पण मेन बंद केला तरी उन्हातलं पॅनल वीज करतच राहतं, आणि ती वीज आमच्या टेस्टरला दिसेलच असं नाही. हे मला ठाऊक होतं, माझ्या तोंडाला ठाऊक नव्हतं.

“गेला. नाव सांगा.”

मी सवयीने रिकामा खिसा चाचपला.

“अहो, हजेरी घेता ना आपण रोज?”

“मॅडम, मला म्हणायचं होतं की…”

“आपल्याला काय म्हणायचं होतं ते आपल्यापाशी ठेवा. पोराने काय ऐकलं ते सांगा.”

“जिवंत पोरांची अशी नावं घेऊ नयेत,” मी चिडून म्हणालो.

“मग त्यांना जिवंत ठेवा,” त्या म्हणाल्या, आणि मला अपात्र ठरवलं.

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरपाशी गाठलं आणि लाज सोडून सांगितलं. आई अर्धांगवायूने अंथरुणाला आहे, खडकीत आम्ही दोघंच राहतो. पात्र ठरलो तर सोलरच्या नव्या वर्गासाठी पुण्यात राहीन, नाहीतर जिल्ह्याबाहेर बदली ठरलेली आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“आईंचं ऐकून वाईट वाटलं,” त्या म्हणाल्या. “त्या मुलालाही आई असेल.”

हेल्मेट घातलं आणि निघून गेल्या. मी तिथेच उभा राहून मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

बदली झाली. आईकडे बहीण येऊन राहिली आणि मी सुट्टीला एसटीने यायचो. आल्या आल्या आईला बाईंची नक्कल करून दाखवायचो. ती हसायची आणि वाकड्या ओठातून पाणी ओघळायचं. ते पुसताना मला बाईंचा राग नव्याने यायचा.

पुढच्या प्रशिक्षणाला पुन्हा आलो, तर बाई निवृत्त झालेल्या. त्यांच्या जागी एक हसरे सर होते. ते प्रत्येक पाठाला टाळ्या वाजवत. मी या वेळी पॅनल उन्हात जिवंतच असतं हे नीट सांगितलं, आणि त्या आनंदात पुढे ठेच खाल्ली. आधी इन्व्हर्टर थांबवायचा, हे सांगायचं राहिलं आणि “आता ही जोडणी ओढून काढा,” म्हणून मोकळा झालो. चालू असताना ती ओढली की हातात जाळ उठतो. वाक्य सुटताच माझं मला कळलं. मागून आवाज येईल म्हणून मी थांबलो.

“व्हेरी गुड,” सर म्हणाले. टाळ्या पडल्या.

“सर, माझी चूक झाली. आधी इन्व्हर्टर…”

“अहो, मुलं घेतात समजून.”

तोवर माझ्या डोक्यात पहिल्या बाकावरच्या मुलाचं नाव येऊन गेलं होतं. बाईंनी ही खोड मला कायमची लावून ठेवली आहे. पाठ घेताना आता एकही वाक्य सुखाने बोलता येत नाही.

आम्ही सगळेच पात्र ठरलो. प्रमाणपत्रावर हसऱ्या सरांची सही होती. ज्यासाठी एवढा जीव टाकला, ते हातात घेताना मला काडीचा आनंद झाला नाही, आणि त्याबद्दलही राग मला बाईंचाच आला.

पुण्याची बदली मिळाली. खडकीला घरी येऊन मी प्रमाणपत्र आईच्या डोळ्यांसमोर धरलं. तिने चांगल्या हाताने ते चाचपलं.

“त्या बाईंनी केलं का रे पास शेवटी?”

मी हो म्हणालो.