बैठकीच्या खोलीतला समुद्र

आमच्या शेजारच्या इंदूकाकू जगदाळेंनी नोकरीची सगळी वर्षं पाण्यातले क्षार काढण्यात घालवली. देवासच्या एका कारखान्यात त्या केमिस्ट होत्या. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं आणि नळ्यांवर पापुद्रा बसू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत त्यांनी पोत्याने मीठ आणून पाण्यात कालवायला सुरुवात केली.

याला कारण मालवण. मुलगा रणवीर आणि सून वैभवी पुण्याला असतात. त्यांनी काकूंना आणि त्यांचे यजमान मालोजीकाकांना तिथे फिरायला नेलं. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत पाणी साचलं होतं, त्यात काकूंनी वाकून पाहिलं आणि त्या वाकल्या त्या वाकल्याच. भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं तरी हलेनात. किनाऱ्यावरून मालोजीकाका ओरडत होते, "अहो, ऐकलंत का! चहा निवतोय!"

काका मूळ धारचे. पणजोबा दरबारातले मानकरी, त्यामुळे काका बायकोलाही 'अहो' म्हणतात आणि गल्लीतल्या कुत्र्यालाही.

घरी परतल्यावर काकूंनी सांगून टाकलं, "मला समुद्री टाकी लावायची आहे. दिवाणाच्या जागी."

"आणि पाहुणे कुठे बसतील?"

"समोर. टाकीकडे तोंड करून."

काकांनी त्या दिवशी जेवताना दुसरी पोळी घेतली नाही. काकूंच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्या ताटाशेजारी फोन ठेवून कुठल्याशा परदेशी माणसाचं टाकीवरचं व्याख्यान ऐकत होत्या.

काच बसवायला आणि खालचं कपाट करायला उमाशंकर मिस्त्री आला. त्याने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "मैडमजी, लोग एक टंकी में मछली रखते हैं, आप दो बनवा रही हो?"

काकूंनी समजावलं. वरच्या टाकीतलं पाणी पाइपाने खालच्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हीटर, घाणीचा फेस काढणारं यंत्र, असली बेढब मंडळी खाली कपाटात लपतात.

"समझ गया," उमाशंकर म्हणाला. "ऊपर बैठक, नीचे रसोई."

"हो. खालचीला संप म्हणतात."

"संप?" काका आतून बाहेर आले. "कारखान्यात पाहिलेत तेवढे पुरले नाहीत का?"

टाकी उभी राहिली. पण ज्या देवासने एकेकाळी टंचाईत रेल्वेने आलेलं पाणी पाहिलंय, तिथे घरात समुद्र भरणं सोपं नाही. आरओचं शुद्ध पाणी थेंबथेंब ड्रममध्ये साचायचं आणि त्याहून जास्त पाणी बाजूच्या नळीतून फुकट जायचं. ते काकू बादलीत धरून आम्हाला झाडांना द्यायच्या. मग ड्रममध्ये मीठ घालून ढवळायचं, खारटपणा मोजायचा, पुन्हा ढवळायचं. शेवटी टाकीत पाणी गेलं, सच्छिद्र दगड गेले, पंप घरघरला, निळे दिवे लागले. कॉलनी बघायला लोटली.

"मासे कुठेत?" शैलाकाकूंनी विचारलं. या आमच्या समोरच्या घरातल्या. मनात आलेलं तोंडातून निघायला त्यांना वेळ लागत नाही.

"इतक्यात नाही. आधी दगडांवर जीवाणू वाढू देत. मासे घाण करतात, ती पचवायला कोणीतरी हवं ना."

"म्हणजे आम्ही आत्ता दगड बघतोय?"

"हो."

"बरे आहेत," शैलाकाकू म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या.

पुढे कित्येक आठवडे दगडच होते. त्यांच्यावर तपकिरी शेवाळ चढलं तेव्हा काका खुशीत येऊन म्हणाले, "चला, काहीतरी उगवलं." शेवाळ खायला काकूंनी गोगलगायी सोडल्या. मग क्लाउनफिशची जोडी आली, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली. दगडी प्रवाळ ठेवायला कायद्याने मनाई, म्हणून इंदूरच्या एका माणसाने स्वतःच्या टाकीत वाढवलेले मऊ जातीचे तुकडे आले. ते उघडून पाण्यात डुलायला लागले, त्या संध्याकाळी काकू समोर खुर्ची टाकून बसल्या आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरल्या. काका मात्र जाता-येता टाकीकडे पाठ करून चालायचे. माशांना वाईट वाटावं, अशा बेताने.

चैत्रात काकूंनी गौर बसवली आणि हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं. धारहून काकांच्या थोरल्या वहिनी भवानीबाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर कॉलनी पाठ ताठ करून बसते. काकांनी खास पेटीतली जाजम काढून दिली, दरबारातली. ती टाकीसमोर अंथरली होती. आंब्याची डाळ झाली, पन्हं फिरत होतं. दुपारपासून लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर पंखे चालले होते, टाकीचा पंप चालला होता आणि आतल्या खोलीत काकांची क्रिकेट मॅचही चालली होती.

इन्व्हर्टरने लांब शिट्टी मारली आणि सगळं एकदम थांबलं.

"आऊट झाला की नाही ते तरी कळू द्यायचं!" आतून काका म्हणाले.

तेवढ्यात भवानीबाई शांतपणे म्हणाल्या, "इंदूबाई, माझं लुगडं भिजतंय."

कपाटाच्या दारांखालून पाणी येत होतं. बायका पन्ह्याचे पेले सावरत उठल्या. काकू सगळ्यांना ओलांडून गेल्या. "आधी बोर्डाच्या पिना काढा! लाइट आली तर भलतंच होईल!" त्या खुर्चीवर चढल्या, नव्या ब्लाउजची बाही खांद्यापर्यंत ओढली आणि हात टाकीत घातला. पाइप गुडगुडला आणि पाणी थांबलं. हात वर आला तेव्हा मुठीत एक गोगलगाय होती.

"ही बया!" काकू म्हणाल्या.

पंप बंद पडला की तो ज्या पाइपाने पाणी वर चढवतो, त्यातूनच वरचं पाणी उलटं खाली येतं आणि खालची टाकी ओसंडते. ते अडावं म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्यातून हवा शिरली की ओढ तुटते. काकूंनी पंप बंद करून हे पुनःपुन्हा तपासलं होतं. भोकावर कोणी येऊन बसेल, हे तेवढं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

सांडलेलं पाणी गौरीकडे निघालं होतं. शैलाकाकूंनी इकडेतिकडे पाहिलं, जाजमेचं एक टोक धरलं आणि तिची गुंडाळी करून पाण्याला आडवी टाकली.

दारात आलेले काका जागीच थिजले. "अहो! ती दरबारातली आहे!"

"मग आज कामाला आली," शैलाकाकू म्हणाल्या. "दुसरं टोक धरा भिया, बघता काय?"

भिया म्हणजे आमच्या इकडचं नाक्यावरचं 'भाऊ'; काकांना आयुष्यात कोणी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी टोक धरलं.

फरशी पुसून झाली, पण लाइट येईना. ट्रान्सफॉर्मर जळालाय, वेळ लागेल, असं कळलं. पंप नाही म्हणजे पाणी हलणार नाही, आणि त्यात चैत्रातला उकाडा. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. काकूंचा चेहरा पडला. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहते. काचेला कपाळ टेकून उभ्या राहिलेल्या त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"काय करायचं, सांगा तरी," भवानीबाई म्हणाल्या.

"पाणी वरून पडत राहायला हवं. तेवढीच हवा मिसळते."

भवानीबाईंनी तांब्या मागितला. टाकीतलं पाणी घ्यायचं आणि उंचावरून टाकीतच ओतायचं. त्यांचा हात दमला की मी, मग शैलाकाकू, मग ओळीने सगळ्याजणी. हातभर बांगड्या, कपाळभर कुंकू आणि माशांना आंघोळ. कुणीतरी ओव्या धरल्या, कुणीतरी उखाणे घ्यायला लावले. काकूंनी ड्रममधलं राखीव खारं पाणी हळूहळू टाकीत घातलं. काका बराच वेळ बघत उभे होते. मग बाह्या सारून रांगेत आले. "द्या इकडे. मॅच मीच लावली होती."

लाइट आली तेव्हा आमच्या घरच्यांच्या स्वयंपाकाची वेळ उलटून गेली होती. दोन्ही मासे जिवंत होते. एक प्रवाळ मिटलं, ते परत उघडलंच नाही. काकूंनी ते काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाइपाला आणखी एक भोक पाडलं आणि दोन्हींवर जाळी बसवली. काकांनी स्वतः जाऊन पंपासाठी वेगळी बॅटरी आणली. तिला आपला टीव्ही जोडता येणार नाही, याची दुकानदाराकडून खात्रीही करून घेतली.

आता टाकीकडे पाठ करणं संपलं. पावसाळ्यात मादीने दगडावर अंडी घातली आणि नर ती पंखांनी वारा घालत राखायला लागला. काका खुर्ची ओढून त्याच्यासमोर दिवसभर बसले. संध्याकाळी न राहवून त्यांनी धारला फोन लावला. "वहिनीसाहेब, आमच्याकडे आनंदाची बातमी आहे!" एवढं म्हणाले आणि रेंज गेली.

भवानीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि सगळ्या नातेवाइकांना कळवलं. तासाभराने पुण्याहून वैभवीचा फोन आला.

"आई, मला धारहून चौथ्यांदा विचारताहेत, डोहाळे कसले लागलेत. मी काय सांगू?"

काकू हसत हसत खाली फरशीवरच बसल्या. शेवटी काकांनी फोन घेतला आणि घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, जरा गैरसमज झालाय. अंडी आमच्या टाकीत आहेत."