उचलणार कोण?

आमच्या वडगावात पिशव्या शिवणारे एक अण्णा आहेत. ज्वारीसाठी पिशवी सांगितली, तर ते माप विचारत नाहीत. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून विचारतात, "उचलणार कोण?" पहिल्यांदा मी "आई" म्हणालो, तर त्यांनी दहा किलोची एक न शिवता पाच-पाचच्या दोन शिवल्या. म्हणाले, "दोन्ही हातांत सारखं वजन आलं की माणूस वाकडं चालत न्हाय."

शिवून झालेल्या पिशवीत घरचीच ज्वारी भरून ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात आणि तळहात बघतात. बंदाचा वळ उठला असेल, तर बंद उसवून परत रुंद शिवतात. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळलं. मी तर एकदा भांडलोही होतो.

यंदा मी वीस किलोची एकच सांगितली आणि त्यांनी विचारायच्या आत म्हणालो, "मीच उचलणार."

स्कूटर स्टँडला लावताना माझा हात कंबरेवर गेला होता, तो त्यांनी दारातून पाहिला होता.

"व्हय, व्हय," म्हणत त्यांनी कापड पसरलं आणि बरोबर मधोमध कात्री लावली.