दहा फुटाच्या खोलीत दहा फुटाचा रूळ

खोली आतून दहा फूट होती, म्हणून मी रूळही दहा फूट कापून आणला. पाचवी शिकलेल्या माणसानं याच्यापेक्षा बरोबर हिशेब कसा करावा, ते मला कोणी सांगावं!

झालं असं, की माझ्या बायकोला, शेवंताला, बंगई पाहिजे होती. (घरात टांगतात तो झोपाळा. आमच्या सौंसरला त्याला बंगईच म्हणतात.) सागाचा पाट अन् साखळ्या तिनं स्वतः आणून ठेवल्या होत्या. पण आमच्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखालचं आडवं लाकूड, म्हणजे मयाल, वाळवीनं इतकी खाल्लेली, की तिच्यावर पाल चढली तरी मी खाली उभा राहत नसे. दरवर्षी मी म्हणे, "यंदा संत्रं चांगलं येऊ दे, पक्की मयाल टाकतो." संत्रं कधी आलं, कधी नाही आलं. मयाल काही आली नाही. पाट पलंगाखाली पडून राहिला, अन् मागच्या उन्हाळ्यात शेवंता गेली. तीन दिवसांचा ताप. धड भांडायलाही मिळालं नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं मी ठरवलं, त्या दिवशी बंगई टांगायचीच! तिच्या माहेरचे, रामाकोन्याचे सगळे येणार होते. त्यांच्या देखत टांगायची. (बायको जिवंत असताना बसून राहणारा माणूस ती गेल्यावर भलताच कामाचा होतो.)

मयाल लोखंडाची पाहिजे, अन् लोखंड छोट्या गाडीचं, म्हणजे नॅरोगेजच्या रुळाचं, पाहिजे. छोटी लाइन उखडली तेव्हा तिचे रूळ लिलावात गेले. आमच्याकडे कोणाच्या गोठ्याला तो खांब झाला, कोणाच्या दारावर आडवा बसला, कुठं शाळेची घंटा होऊन टांगला गेला. त्याच गाडीनं शेवंता लग्न करून रामाकोन्याहून आली होती. नंतर प्रत्येक भांडणात तिचं एकच, "मी चालली! रामाकोन्याची गाडी पकडतो!" पकडायचीही! पण गाडी इतकी हळू, की मी सायकलवर मागून निघून पुढच्या स्टेशनावर आधी पोचत असे अन् तिला उतरवून घेत असे.

बोरगाव रोडवर भाऊराव वेल्डरच्या अंगणात तेरा फुटाचा एक तुकडा पडला होता. (पावती आहे. उगाच कोणी खबर द्यायला धावू नये.)

"काका, तेराच राहू द्या," भाऊराव म्हणाला.

"काहून? खोली दहा फूट आहे. मी सोता मोजली."

"अवो पन काका, भिंतीत..."

"तीन फूट भिंतीबाहेर काढून तिथं काय सिग्नल लावू? काप!"

त्यानं गॅस कटर पेटवला. तो हसून राहिला होता, पण ठिणग्यांमुळे मला तेव्हा दिसलं नाही.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी डोमाजी मिस्त्री तीन माणसं घेऊन आला. रूळ टेकवायला दोन्ही भिंतींत खाचा करायच्या होत्या. त्यातली एक भिंत शेजारच्या अनुसया वहिनींची अन् आमची एकच. डोमाजीनं छिन्नी अशी हाणली, की पलीकडून उजेड आला. उजेडामागून वहिनींचा डोळा आला.

"काहून वो भाऊजी! माझ्या वरनात अर्धी भिंत पडली!"

"वहिनी, मयाल बसवून राहिलो."

"माझ्या सयपाकघरात?"

मी म्हटलं, बाई, पाच मिनिटांचं काम आहे. मग चौघांनी रूळ खांद्यावर घेतला, मिस्त्रीच्या लाकडी घोड्यांवर चढले अन् मी खालून हुकूम सोडू लागलो.

"डावीकडं घाला!"

घातला. उजवीकडून सुटला.

"अरे, उजवीकडं सरकवा!"

सरकवला. डावीकडून सुटला, अन् वहिनींकडे इतका गेला, की तिकडून आवाज आला, "आता डब्बे काढू का इथले?"

"मधात धरा रे! बरोबर मधात!"

मधात धरला. दोन्हीकडून सुटला!

आता रूळ हवेत, रुळाखाली चार माणसं, त्यांच्या माना वाकड्या, अन् त्यांच्याखाली मी, हातात टेप. मी पुन्हा मोजलं. खोली दहा फूट. रूळ दहा फूट. कुठंच चूक नाही!

डोमाजी वरूनच म्हणाला, "दादा, रूळ भिंतीवर टेकवा लागते. भिंती काही त्याले हातात धरून उभ्या राहत नाई. दोन्हीकडं नऊ-नऊ इंच आंत पायजे होता."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी कोनाले बोलू देता का?"

भगदाडातून वहिनी म्हणाल्या, "शेवंताबाई जल्मभर हेच म्हनत होती!"

मी भाऊरावाला फोन लावला. "तो तीन फुटाचा तुकडा जोडून दे रे बापा."

"त्याची ऐरन झाली, काका. अन् जोडल्या रुयावर मानूस झुलवाची माझी हिंमत नाई."

सगळं संपलं. रूळ खाली आला. चौघांनी तो अंगणात दोन दगडांवर, पालथा, सपाट बाजू वर करून टाकला अन् निघून गेले. माझी पोरगी माया नागपूरहून आली होती. ती पाटावरची धूळ पुसत बसली होती. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रामाकोन्याची मंडळी आली. पुढं शेवंताची मोठी बहीण गंगाबाई, मागं तिचे भाऊ-भावजया. खुर्च्या होत्या तीन. अंगणात आयता बाक दिसला, मंडळी एका ओळीत त्यावर बसली.

मे महिना, सौंसरचं ऊन, अन् सकाळपासून तापलेला रूळ!

सगळे एका ओळीत बसले, अन् एका ओळीत उठले. एवढी शिस्त मी श्राद्धात कधी पाहिली नाही. गंगाबाई पदर सावरत, मागून लुगडं झटकत ओरडल्या, "काय वो जवाईबुवा! शेवंताले तुमी झुलवलं नाई, अन् आमाले भाजून राहिले?"

मग माया हसली. ती हसली तशा गंगाबाई हसल्या, मग भिंतीच्या भगदाडातून अनुसया वहिनी हसल्या. वर्षभरात त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं होतं. मीही हसलो, पण मला मधातच हुंदका आला, म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं. (कोणी फसलं नाही.)

माया आतून तो सागाचा पाट घेऊन आली अन् रुळावर ठेवला. "बसा मावशी. आता नाही भाजणार."

तेव्हापासून तो पाट तिथंच आहे. हलत नाही, झुलत नाही. रोज दिवस कलताना मी एका टोकाला बसतो. दुसऱ्या टोकाला कोणाला बसू देत नाही. भगदाड मी बुजवलं नाही. त्यातून चहा येतो. (वहिनींच्या यजमानांना चालते. आमच्याकडचं संत्रं त्याच वाटेनं तिकडं जाते.)

रस्त्यानं जाणारे लोक मजा घेतात. "काका, रुयावर बसून राहिले? गाडी किती लेट आहे?"

मी सांगतो, "गाडी कधीची गेली रे बापा. बाई चढली, तिला जागाही भेटली. मीच टेप धरून मोजत राहिलो!"