जावयाकडे न बघणारी मावशी

आमच्या ह्यांचा जेवढा मान त्या बाईंनी ठेवला, तेवढा अख्ख्या कॉव्हेंट्रीत कुणी ठेवला नसेल, आणि तोही ह्यांच्याकडे एकदासुद्धा न बघता! बाई ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आदिवासी, सत्तरीच्या, मोठ्या चित्रकार. माझी लेक बर्मिंगहॅमच्या एका छोट्या गॅलरीत आहे; तिथल्या प्रदर्शनासाठी त्या आल्या आणि हॉटेलचा सातवा मजला बघून म्हणाल्या, "इथे जमीन कुठाय?" लेकीने त्यांना सरळ आमच्याकडे आणून सोडलं, तीन आठवडे.

आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठे?" म्हटलं, गेली हो दोन वर्षांपूर्वी. "मग मी तिची बहीण. तिचं नाव सांगू नकोस, गेलेल्यांचं नाव आम्ही घेत नाही." झाल्या माझ्या मावशी! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण त्यांच्यात मावशी म्हणजे आईच, म्हणजे हे जावई; आणि सासू-जावयांनी एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हाच तिकडचा मोठा आदर. हे पडले रिटायर्ड हाडांचे डॉक्टर, माणूस दिसला की त्याच्या गुडघ्यांपासून गप्पा सुरू करणारे. हे पुढच्या दाराने आले की मावशी मागच्या दाराने बागेत. "माझ्याच घरात मला वाळीत टाकलंय!" अशी ह्यांची चिडचिड. त्यात मावशींचा माझ्यामार्फत निरोप, "जावई सासूला मटण आणतो." अधिक महिन्यात सासुरवाडीहून चांदीचं ताट घेतलेला हा माणूस, मुकाट्याने लॅम्ब चॉप्स आणून ओट्यावर ठेवायचा आणि पळायचा. आठवडाभरात तर हे किचनमध्ये शिरण्याआधी खोकायला लागले.

मावशींसाठी गॅरेजमधली गाडी बाहेर काढली होती. तिथे जमिनीवर कॅनव्हास पसरून, त्याच्यावरच मांडी घालून, काडीच्या टोकाने त्या ठिपके देत बसायच्या, ओठातल्या ओठात गुणगुणत. चाळिशीपर्यंत हातात ब्रश धरला नव्हता म्हणे. तोवर हेच सगळं बोटाने वाळूत. चित्रं त्यांच्या आजीच्या पाणवठ्याची, कायम तीच. दुसऱ्याच्या जागेचं चित्र काढायला त्याची परवानगी लागते. लेकीने विचारलं, "ह्याची वरची बाजू कुठली?" तर म्हणाल्या, "पाणी मध्ये आहे. तू हवं तिथे उभी राहा." दारातली माझी ठिपक्यांची रांगोळी बघून माझीही उलटतपासणी झाली. "ही तुला कुणी दिली?" म्हटलं, आईने. "मग काढ." मिळाली बाई परवानगी!

आणि उद्घाटनाच्याच सकाळी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स, हॉस्पिटल, ऑपरेशन. दुपारी हे डोळे उघडून आधी काय बोलले असतील? "तुझी मावशी गेली असेल मिरवायला. डोकावलीसुद्धा नाही."

मला राग आला, रडूही आलं. तेवढ्यात खिडकीकडे लक्ष गेलं. खाली ओल्या गवतावर, माझा लाल कोट घालून, आमच्याकडे पाठ करून मावशी बसल्या होत्या. लेक म्हणाली, "आई, सकाळपासून बसल्यात. गॅलरीला म्हणाल्या, चित्रं आहेत ना तिथे, मी कशाला? आत या म्हटलं, तर म्हणतात, आत जावई आहे."

मी ह्यांची पाठ उचलून उशी लावली. हे कितीतरी वेळ त्या लाल कोटाकडे बघत राहिले. मग उघड्या खिडकीकडे तोंड करून हळूच खोकले. मावशींनी वळून बघितलं नाही. नुसती मान हलवली आणि उठून गवत झटकलं.

त्या परत गेल्या, त्यालाही आता वर्ष होईल. गॅरेजमधलं शेवटचं चित्र त्यांनी मला दिलं, ते हॉलमध्ये लावलंय. मला ते बघितलं की फार आठवण येते. हे आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवतात, पण स्वतः मात्र कायम त्याच्याकडे पाठ करून बसतात.