भंगारवाल्याची शिकवणी

बाबांच्या ट्रकचं इंजिन भर चढावर बसलं, तेव्हा मेकॅनिकने एका वाक्यात निकाल दिला. नवं इंजिन टाकायच्या खर्चात दुसरा जुना ट्रक येईल, म्हणाला.

बाबांनी त्यावर महिनाभर विचार केला. विचार म्हणजे रोज सकाळी बंद ट्रकच्या केबिनमध्ये बसून चहा प्यायचा आणि पुढची काच लख्ख पुसायची. "माझा चष्मा कधी इतक्या प्रेमाने पुसला नाहीत," असं आईने ऐकवून पाहिलं. बाबांनी काचेवर आणखी एक हात फिरवला.

शेवटी त्यांनी स्वतःच भंगारवाल्याला बोलावलं. आम्ही कुणी आग्रह केला नव्हता, त्यामुळे बिचाऱ्यांना चिडायलाही कुणी उरलं नाही.

भंगारवाला आला तसं बाबांनी त्याला थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि आपण शेजारी बसले. दुसरा गिअर हट्टी आहे, त्याच्याशी जबरदस्ती करायची नाही. वायपर अडकला तर आतून काचेवर टिचकी मारायची. खड्ड्यात हॉर्न आपोआप वाजतो, दचकायचं नाही. तो भला माणूस अर्धा तास मान डोलवत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, मी हा चालवणार नाहीये. उद्या दुपारपर्यंत कापून टाकणार."

"माहीत आहे मला. मीच बोलावलंय ना तुम्हाला," बाबा जरा घुश्शातच म्हणाले आणि खाली उतरले. डावं दार त्यांनी दोन्ही हातांनी हलकेच लावलं.

"कापा," ते म्हणाले, "पण तोवर हे दार आपटू नका."