लग्नाला जाताना बदललेला फिल्टर

माझ्या लग्नाच्या दिवशी आमची डिझेलची व्हॅन क्युरपिप शहराच्या चढावर थांबली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव प्लेन मान्येन, बेटाच्या दक्षिणेला सपाटीवर, आणि लग्नाचा हॉल चढापलीकडे, बो बासेंला. एरवी बाबा त्या व्हॅनमधून बाजारात भाजी नेत. त्या दिवशी मागे आई, आत्या आणि फुलांच्या टोपल्या होत्या. पुढे बाबांच्या शेजारी मी, पिवळी साडी नेसून, हातात हिरवा चुडा भरून.

सपाटीला गाडी मजेत चालली होती. चढ लागला तशी ती आचके देऊ लागली, आणि उसाच्या शेताच्या कडेला बंदच पडली.

"डिझेलचा फिल्टर तुंबला," बाबा म्हणाले. "नवा आणलाय. सीटखाली आहे."

"आणलाय तर बसवला का नाही?" आईने मागून विचारलं.

"लग्नाच्या गडबडीत राहिलं."

त्या व्हॅनचं इंजिन दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली होतं. बाबांनी कोट काढून आत्याकडे दिला, झाकण उचललं आणि फिल्टरचा बोल्ट सोडवला. जुना फिल्टर काळाकुट्ट झाला होता, खालच्या वाटीत गाळ साठला होता. बाबांनी वाटी पुसली, नवी रबरी रिंग आणि नवा फिल्टर बसवून बोल्ट आवळला. पण एवढ्यावर भागत नाही. आत शिरलेली हवा काढावी लागते, नाहीतर इंजिन काही केल्या सुरू होत नाही. एकाने वरचा स्क्रू सैल करून धरायचा, दुसऱ्याने इंजिनावरच्या छोट्या हातपंपाची दांडी हलवायची. दांडी माझ्या बाजूला होती.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर खोचला.

"अहो, तिला कशाला लावता कामाला? चुडा फुटेल," आई म्हणाली.

"नाही फुटत," मी म्हणाले. बांगड्या कोपराकडे सारल्या आणि दांडी हलवायला लागले.

स्क्रूपाशी फेसाळ डिझेल येऊ लागलं. बुडबुडे काही थांबेनात. आत्या मागे हसत बसली होती.

"उद्यापासून हा पंप कोण मारणार?" बाबा खाली बघतच म्हणाले.

मला एकदम भरून आलं. पण हात थांबवला नाही. शेवटी बुडबुड्यांशिवाय स्वच्छ धार आली. बाबांनी स्क्रू आवळून किल्ली फिरवली, आणि इंजिन दोनदा खोकून धडधडू लागलं.

हॉलवर पोचलो तेव्हा सगळे दारात उभे होते. हात धुवायला साबण मिळाला, पण वास गेला नाही. लग्न लागताना हातात हात दिला तेव्हा नवऱ्याने हळूच विचारलं, "अत्तर कुठलं?"

"डिझेल."

हसू दाबताना त्याला ठसका लागला. पंडितजींनी मंत्र थांबवून पाणी मागवलं. सासूबाईंना वाटलं, मुलाला सर्दी झाली. जेवणाआधी त्यांनी त्याला आल्याचा कडक काढा पाजला, आणि त्याने तो निमूटपणे पिऊन टाकला.