वकिलाकडे कामाचं बोलायचं नाही

माझ्या सखुमावशीने चूल विझवली मार्गशीर्षात, आणि पौष अर्धा सरत आला तरी वकील कागद काढेना. आता बोला! मी तिची भाची इंदिरा, पलीकडच्याच गल्लीत राहते. माझं डोकं तापट आहे हे इंदूरचं सगळं मल्हारगंज जाणतं, पण त्या दिवसांत माझ्या जागी कुणी गरीब गाय असती तरी तिने शिंगं उगारली असती.

मावशीचे यजमान दौलतकाका होळकरांच्या फौजेत जमादार होते. संस्थान गेलं, मध्यभारत झालं, फौज मोडली. काका मात्र फेटा बांधल्याशिवाय भाजी आणायलासुद्धा जात नसत. घर त्यांच्या वडिलांचं, अरुंद आणि उंच. स्वयंपाकघर अगदी वर, जिना शिडीसारखा उभा, आणि मावशीचे गुडघे साफ गेलेले. वर्षभर ती बाई खाली उतरली नव्हती. रस्ता बघायचा तो खिडकीतून, हळदीकुंकू घ्यायचं तेही बायका वर आल्या तर.

म्हणून ठरलं, की हे घर अनोखीलाल सेठला विकायचं आणि त्याच पैशात तुकोगंजात यशोधराबाईंचं बैठं घर घ्यायचं. यशोधराबाई ग्वाल्हेरला लेकाकडे निघाल्या होत्या. मावशीने नव्या घराचं एवढंच विचारलं, ‘‘जिना आहे का हो?’’ काका म्हणाले, ‘‘नाही. फक्त उंबरठा.’’ मावशीने डोळ्याला पदर लावला.

विकण्याचा आणि घेण्याचा, दोन्ही दस्त चिंतामणराव वकिलांकडे. ते म्हणाले, ‘‘चार दिवसांत करून टाकू.’’ झालं! भटजींनी मुहूर्त काढला आणि मावशीने वकिलाच्या बोलण्यावर चूल विझवली. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की घर सोडताना चुलीवर शेवटचं दूध उतू जाऊ द्यायचं, चुलीला हळदकुंकू वाहायचं, पाणी शिंपडायचं. त्यानंतर त्या घरात चूल पेटवायची नाही म्हणजे नाही. देव टोपलीत बसवले आणि मावशी बसत बसत, एकेक पायरी घसरत खाली आली. खाली पोचल्यावर जिन्याकडे पाठ करून म्हणाली, ‘‘देवा, आता परत चढवू नकोस.’’

आणि काकांचा कारभार बघा! कागदाआधीच खालच्या खोलीची किल्ली सेठला देऊन मोकळे. का, तर म्हणे शब्द दिलाय. सेठनेही कापडाच्या गाठी आणून खोली छतापर्यंत भरली. मग मावशी राहणार कुठे? ओसरीवर! पौषातला इंदूरचा गारठा, अंगणात सिगडी, बाजूला टोपलीतले देव. येणारा-जाणारा विचारतो, ‘‘क्यों काकी, गये नहीं अभी तक?’’ मावशी हसून म्हणे, ‘‘बस, आज-उद्या.’’ रात्रभर खोकायची आणि सकाळी पुन्हा तेच, आज-उद्या.

काका रोज कोट-फेटा चढवून वकिलाकडे जायचे. परत आले की मी दारातच धरायची, ‘‘काय म्हणाले?’’

‘‘चहा घेतला.’’

‘‘अहो, पण कागदाचं?’’

‘‘होईल.’’

एक दिवस मी हट्टाने बरोबर गेले. काय सांगू! चहा आला, पान आलं. दसऱ्याच्या जुन्या स्वारीतले हत्ती निघाले, चिंतामणरावांची सांधेदुखी निघाली. घराचा विषय काही निघाला नाही. मग काका उठले, मुजरा केला आणि चालू लागले. मी रस्त्यातच उखडले. ‘‘काका, ये क्या चल रहा है? तोंडात काय गूळ धरलाय?’’

‘‘इंदू,’’ काका म्हणाले, ‘‘त्यांचे वडील आणि माझे वडील एका दरबारात उभे राहिलेत. मोठ्या माणसाने विषय काढल्याशिवाय आपण कामाचं बोलायचं नसतं. मी काय भीक मागायला जातो?’’

कपाळ माझं! दरबार बुडाला, पण याची अदब काही बुडेना.

तेवढ्यात यशोधराबाईंचा निरोप आला. संक्रांतीनंतर थांबणार नाही, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. मावशीने तो ऐकला. सिगडीवरची भाकरी उलटली, खाली उतरवली आणि म्हणाली, ‘‘इंदू, टांगा बोलाव.’’

आम्ही पोचलो तेव्हा काका वकिलासमोर बसलेले, हातात कपबशी. मावशी माझ्या खांद्याचा आधार घेत आत आली. बसलीसुद्धा नाही.

‘‘भावजी,’’ ती चिंतामणरावांना म्हणाली, ‘‘माझी चूल विझलीय, घर परक्याच्या गाठींनी भरलंय आणि मी ओसरीवर झोपते. आमचे कागद कुठे अडलेत?’’

चिंतामणराव चांगलेच गडबडले. उठून त्यांनी कपाट उघडलं. ‘‘वहिनी, दोन्ही मसुदे केव्हाचेच तयार आहेत. हे बघा. दौलतराव रोज येतात, पण घराचं नाव काढत नाहीत. मला वाटलं, यांना वडिलांचं घर सोडवत नाहीये. मग मी कशाला कागद पुढे करून घाई करू? तुम्ही ओसरीवर आहात हे यांनी सांगितलंच नाही हो मला.’’

मला वाटलं, आता काका भडकणार. पण त्यांनी कप खाली ठेवला.

‘‘खरं आहे,’’ काका म्हणाले. ‘‘अदब वगैरे मी इंदूला सांगायचो. वडिलांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला तिथे, वरच्या माडीवर. मी विचारलं असतं, तर तुम्ही कागद काढले असते.’’

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. इकडे बायको गारठ्यात खोकतेय आणि हा माणूस रोज चहा पिऊन येतोय! मी तोंड उघडणार, तोच मावशीने माझा दंड दाबला. ती काकांकडेच बघत होती.

‘‘एवढंच होतं होय?’’ ती म्हणाली. ‘‘मग मला सांगायचं होतंत. मी चढले असते हो वर. जशी बसत बसत उतरले, तशी बसत बसत चढले असते. रीत मोडून चूलही पेटवली असती.’’

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, फेटा बांधलेला, वकिलासमोर, आणि ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. उठले, स्वतःची खुर्ची मावशीला दिली, तिच्या गुडघ्यांवर शाल नीट केली.

मग टेबलापाशी उभे राहून म्हणाले, ‘‘चिंतामणराव, कामाचं बोलतो. कागद काढा.’’